शेप की मोल्ड? मोदकाच्या डब्यावर काय छापायचं

नौपाड्यातल्या आमच्या काकू गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. यंदा डब्यावर इंग्रजी लेबल हवं होतं. भाच्याने लिहून दिलं, 'हँड-मोल्डेड मोदक'. काकूंनी मला विचारलं, "बघ गं, बरोबर आहे ना?" व्याकरणाची चूक नव्हती. पण खायच्या डब्यावर 'मोल्ड' दिसलं की इंग्रजी वाचणाऱ्याला आधी बुरशी आठवते. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'यू' असतो, अमेरिकन स्पेलिंगमध्ये नसतो, पण साचा आणि बुरशी दोन्हीकडे सारखेच लिहितात. शब्द मात्र वेगळे. साच्याचा मोल्ड लॅटिन 'मोड्युलस'वरून, म्हणजे छोट्या मापावरून, फ्रेंचमार्गे आलाय; बुरशीचं त्याच्याशी नातं नाही.

बुरशी सोडा, मला तो शब्द तसाही पटला नाही. हाताने माती वळण्यालाही इंग्रजीत 'मोल्ड' चालतं, पण कानाला त्यात साचाच ऐकू येतो. काकू साचा वापरत नाहीत. तेलपाण्याच्या बोटांनी पारी करतात, सारण भरतात, चिमटीने कळ्या पाडतात आणि शेवटी सगळ्या वर गोळा करून नाक काढतात. एकाच्या अकरा कळ्या, दुसऱ्याच्या तेरा. याला 'शेप'च म्हणायचं. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थच 'निर्माण करणे' असा होता.

माणसांबद्दल लिहिताना हा फरक जास्त बोचतो. 'शेप'चा कर्ता कोणीही असू शकतो: आजीच्या गोष्टी, गिरणीचा संप, ठाण्याची खाडी. घडवायचं कोणी मनात आणलेलं नसतं, तरी आपण घडतो. 'मोल्ड' करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा चित्र तयार असतं आणि समोरचा मऊ असावा लागतो. शाळेच्या माहितीपत्रकात 'मोल्डिंग यंग माइंड्स' खपून जातं. पण अ‍ॅडमिशनच्या निबंधात 'बाबांनी मला इंजिनिअर म्हणून मोल्ड केलं' असं लिहिलंत, तर पोराला काही विचारलं होतं की नाही, अशी शंका येते. तिथे डोळे मिटून 'शेप' घ्या.

'फोर्ज'चं प्रकरण निराळं. रबाळे एमआयडीसीतल्या एका ओळखीच्यांना कॅटलॉगसाठी हा शब्द हवा होता. त्यांचा माल तापवून प्रेसखाली दाबलेला, तेव्हा 'फोर्ज्ड' अगदी बरोबर. धातू वितळवून साच्यात ओतला असता तर 'कास्ट' लिहावं लागलं असतं. या दोन शब्दांची अदलाबदल गिऱ्हाईक खपवून घेत नाही, कारण मजबुती आणि किंमत दोन्ही बदलतात. एक सांभाळा: 'फोर्ज्ड स्टील' म्हणजे घडीव पोलाद, पण 'फोर्ज्ड सर्टिफिकेट' म्हणजे बनावट दाखला. मैत्री, युती, संबंध यांना 'फोर्ज' शोभतं, कारण त्यात घाम गाळल्याचा भाव आहे.

'फॅशन' हेही क्रियापद आहे, हाताशी असेल त्यातून काहीतरी बनवणे, जुन्या साडीची पिशवी वगैरे. जरा पुस्तकी वाटतं, लेबलवर नकोच.

काकूंनी 'हँड-शेप्ड' छापून घेतलं. पेढ्याचे मोदक मात्र साच्यातलेच असतात. त्या डब्यावर क्रियापदच नको, असं आम्ही दोघींनी ठरवलं.