परसदार नसलेला किल्ला: आठ महिन्यांनंतर

माशांच्या टाकीत ठेवायला गेल्या जूनमध्ये घेतलेल्या रेझिनच्या किल्ल्याबद्दल मी जुलैअखेर चार ओळी लिहिल्या होत्या आणि पाचपैकी पाच गुण दिले होते. ते गुण मी आज मागे घेते. त्या ओळी वाचून कुणी लाजऱ्या माशांसाठी तो किल्ला घेतला असेल, तर त्यांनी आज घरी गेल्यावर आधी त्याच्या खिडक्या तपासाव्यात. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

किल्ला कसा आहे ते सगळ्यांनी पाहिलंच आहे. सांगली-मिरजेत माशांच्या कुठल्याही दुकानात पुढेच मांडलेला असतो. दहा इंच लांब, समोर एक कमान, वर बुरूज, बुरजांना तीन गोल खिडक्या. मी 1,150 रुपयांना घेतला. घासाघीस करून शंभर कमी करून घेतले होते, म्हणजे छापील किंमत 1,250.

टाकी मुलाची. तो शिकायला पुण्याला गेला आणि 36 बाय 12 बाय 15 इंचांची ती टाकी, सहा झेब्रा लोच आणि एक स्पंज फिल्टर माझ्याकडे आले. दुकानात या माशाला नुसतं 'बोटिया' म्हणतात. अंगावर बारीक उभे पट्टे, तोंडाला मिशा, लांबी दोन ते तीन इंच. मला वाटायचं हा मासाही बाकीच्यांसारखा थायलंड-सिंगापूरहून येत असेल. मुलानं सांगितलं, "आई, हा आपल्याच नदीचा आहे." खरंच आहे ते. बोटिया स्ट्रायाटा हा सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा. 1920 साली सी. आर. नारायण राव यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जगात दुसरीकडे तो आढळत नाही, आणि आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो 'धोक्यात' या वर्गात आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून इतकी वर्षं ये-जा केली, पण या पाण्याच्या वरच्या अंगाला असा मासा राहतो हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. त्या दिवसापासून ही टाकी माझी झाली.

हा मासा ओढ्यातल्या दगडांच्या सांदीत राहणारा. उघड्यावर त्याला थारा वाटत नाही. आमच्या टाकीत नुसती खडी आणि एक प्लॅस्टिकचं झाड होतं, त्यामुळे सहाही जण फिल्टरच्या मागे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसायचे. म्हणून किल्ला आणला. पहिल्याच रात्री सगळे कमानीतून आत गेले. मला इतकं बरं वाटलं की पाच गुण दिले.

मात्र आत गेलेले मासे बाहेर येत नव्हते. जुलै संपला, ऑगस्ट संपला. दिवा बंद केल्यावर मी बुडणाऱ्या गोळ्या टाकायचे, सकाळी त्या गायब असायच्या, म्हणजे खातात एवढं समजायचं. लाजरे आहेत, असेच राहणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत चुकीची होती.

सप्टेंबरमध्ये टाकी धुताना किल्ला उचलला तर खालून काळा गाळ आला. सडक्या अंड्याचा वास. किल्ला आतून पोकळ आणि खालून उघडा. कमानीतून गेलेलं पाणी तळाशी फिरायला दुसरी वाटच नाही. खाल्लेलं, न खाल्लेलं सगळं तिथेच साठत होतं. आणि सहांपैकी दोन लहान माशांच्या शेपट्या कुरतडलेल्या होत्या. मग मी दोन-तीन रात्री लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन बसले. सगळ्यात मोठा मासा कमानीच्या तोंडाशी आडवा बसत होता. त्याच्या मर्जीशिवाय कुणाला आत जाता येत नव्हतं की बाहेर पडता येत नव्हतं. आत अडकलेल्यांना तो ढुसण्या देत होता.

माझं माहेर सांगलीच्या गावभागातलं, वाड्यातलं. वाड्याला पुढचं दार असतं आणि परसदार असतं. पुढे कुणी नको असलेला माणूस बसला की बायका-पोरं परसातून विहिरीकडे निघून जात. गडांनासुद्धा चोरवाट ठेवत, रायगडाला चोरदिंडी आहे. आणि किल्ला म्हणून विकलेल्या या वस्तूला मागे जायला वाट नाही! सलग भिंत. ज्यानं हा साचा बनवला त्यानं समोरून दिसण्याचा विचार केला, आत राहणाऱ्याचा केला नाही. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. रंग, किंमत, वास हे सगळं त्याच्या नंतर.

ऑक्टोबरात ते घडलं. आतल्या एका लहान माशानं पुढे वाट नाही म्हणून बुरजाच्या खिडकीतून निघायचा प्रयत्न केला. डोकं गेलं, पोट अडकलं. या माशांच्या डोळ्याखाली एक काटा असतो. धोका वाटला की ते तो बाहेर काढतात. जाळीत धरतानाही तो काटा गुंततो, म्हणून त्यांना जाळीनं पकडू नये म्हणतात. इथे काटा खिडकीच्या कडेला रुतला होता. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, ओढू नको. किल्ला पाण्यातच ठेव, बाजूनं काप." परातीत टाकीचंच पाणी घेऊन, त्यात किल्ला धरून मी हॅक्सॉच्या पानानं खिडकीची कड कापली. वीस मिनिटं लागली. मासा सुटला, पण कल्ल्याजवळ जखम झाली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. आठ-दहा वर्षं जगू शकणारा मासा.

दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, शोपीस आहे तो."

"खोक्यावर माशांना लपण्यासाठी असं छापलंय."

"ते कंपनी छापती. वापरलेला माल परत नाही होत."

कंपनीच्या क्रमांकावर तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा बिलाचा फोटो मागितला, तिन्ही वेळा पाठवला. शेवटी एका ओळीचा निरोप आला: वस्तू फक्त सजावटीसाठी आहे. मग खोक्यावर मासा किल्ल्यातून डोकावतानाचं चित्र कशाला? पैसे परत मिळाले नाहीत. मी निदान खिडक्यांच्या मापाबद्दल वर कळवा म्हटलं, तर त्यावर उत्तरच नाही.

1,150 रुपये फेकून द्यायला मन होईना. नोव्हेंबरात मी किल्ला दुरुस्त केला. तिन्ही खिडक्या माशांच्या टाकीसाठीच्या सिलिकॉननं बुजवल्या. बाथरूमला लावतात ते सिलिकॉन घेऊ नका, त्यात बुरशीनाशक असतं आणि ते माशांना घातक. दोन दिवस वाळवलं, व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्यावर धुतलं. मागच्या भिंतीला दोन इंचांचं भगदाड पाडून कड कानशीनं घासली. आणि फरक पडला. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी, दिवा चालू असताना, एक बोटिया पुढून आत गेला, मागून निघाला, परत पुढून गेला. मोठ्या माशानं तोंडाशी ठाण मांडायचं सोडलं, कारण अडवून उपयोग नव्हता. त्या महिन्यात मी किल्ल्याला मनातल्या मनात तीन गुण दिले होते. वस्तू वाईट नाही, अर्धवट बनवली आहे, असं माझं मत झालं होतं.

डिसेंबरच्या शेवटी कापलेल्या कडेपासून रंग सुटू लागला. पोपडे पाण्यात तरंगताना दिसले, खाली पांढरं भुसभुशीत काहीतरी. बोटिया तळाशी जे दिसेल ते तोंडानं चाचपतो. त्याच दिवशी किल्ला बाहेर काढला. माझ्या कापण्यामुळे रंग सुटला असं कंपनी म्हणेल. पण मासा काढायचा तर कापल्याशिवाय उपाय काय होता?

मधल्या काळात नारळाची करवंटी लावून पाहिली. उकळून घेतली तरी आठवडाभर पाणी चहासारखं झालं. त्या रंगानं माशांचं बिघडत नाही, उलट अंधुक पाण्यात ते निवांत दिसले. पण करवंटी हलकी, आणि हे मासे खालची वाळू उकरतात, त्यामुळे ती रोज कलंडायची. कुंडीही आणली होती. कुंडीच्या बुडाचं पाणी जायचं भोक म्हणजे किल्ल्याच्या खिडकीचीच गोष्ट. नियम मी एकच धरला आहे: भोक एक तर इतकं लहान की डोकंही शिरू नये, नाहीतर इतकं मोठं की सगळ्यात जाड मासा त्यात वळू शकेल. मधलं माप म्हणजे फास.

मग संक्रांत आली. बाजारात कुंभाराच्या मावशीसमोर सुगडांचे ढीग होते. वाणासाठी पाच घेतली आणि हातात धरल्यावर लक्षात आलं की तोंड सव्वादोन इंच, पोट फुगीर, आत अंधार. आणखी पाच घेतली, 60 रुपयांना. रंगवलेली किंवा गेरू लावलेली नाही घेतली, साधी लाल भाजलेली घेतली. हळद-कुंकू लावून पुजलेलं सुगड टाकीत घालू नये, त्यासाठी वेगळंच घ्यावं.

मावशींना विचारलं, "मागनं भोक पाडून मिळेल का?"

"भाजल्यावर न्हाई पडत बाई, तडकतंय. कच्चं असताना पाडाय लागतंय. कशाला पायजे?"

सांगितलं. त्या हसल्या नाहीत. सुगड उलटं करून बुडावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "रातभर पाण्यात भिजव, मग खिळ्यानं हळूहळू टोच. घाई करू नकोस."

तसंच केलं. दोन रात्री भिजवली, बुडाला खिळ्यानं टोचून गोल आखला, पकडीनं कडा कुरतडल्या, कानशीनं आणि नंतर पॉलिश पेपरनं घासल्या. बोट फिरवून कुठेही खरखर लागत नाही असं होईपर्यंत. पाचांतलं एक फुटलं. चार झाली.

मांडणीला मात्र मी चार दिवस दिले. पहिल्यांदा सगळी मागच्या काचेला रांगेत लावली, ते चुकलं: एका सुगडातून दुसऱ्यात जायला उघड्यावरून पोहावं लागत होतं. आता दोन मागच्या कोपऱ्यात एकमेकांना टेकून आहेत, एकाचं परसदार दुसऱ्याच्या तोंडाशी. तिसरं डाव्या बाजूला, तोंड थोडं समोरच्या काचेकडे, म्हणजे मला आत दिसतं. चौथं मधोमध, भोवती हरिपूरच्या संगमावरून आणलेले काळे गोटे. फिल्टरच्या बुडबुड्यांकडे एकाचंही तोंड नाही. गोटे वाळूवर ठेवलेले नाहीत, वाळू सारून थेट काचेवर टेकवले आहेत, नाहीतर मासे खालून उकरतात आणि दगड अंगावर येतो. काळा पाषाण पाण्यात विरघळत नाही. पांढरट दगड असेल तर त्यावर लिंबू पिळून बघा. फसफसला तर चुनखडी आहे, पाणी जड करेल. टाकीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना काळा कार्डपेपर लावला, 40 रुपये. चारही बाजूंनी माणसं दिसत असतील तर कितीही सुगडं ठेवा, उपयोग नाही. आणि सकाळी टाकीचा दिवा एकदम लावत नाही, आधी खोलीचा लावते, दहा मिनिटांनी टाकीचा.

मुलाच्या सांगण्यावरून आठ झेब्रा दानियोही आणले. नावात झेब्रा असला तरी यांचं बोटियाशी जवळचं नातं नाही. ते वरच्या पाण्यात सारखे पळत असतात. वर कुणी बिनधास्त फिरतंय म्हणजे धोका नाही, असं खालच्या माशांना कळतं.

नवव्या दिवशी, दुपारी तीन वाजता, पाचही बोटिया बाहेर होते. मी हातातली भाजी तशीच ठेवून बसले.

एक गोष्ट मला अजून नवल वाटते. चार सुगडं आहेत, पण झोपायला पाचही जण एकाच सुगडात, डावीकडच्या, अंगाला अंग लावून. म्हटलं, बाकीची तीन कशाला अडवून ठेवायची, गाळ काढणं सोपं होईल. दोन काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मासे दिसेनासे झाले. तिसऱ्या दिवशीही. सुगडं परत जागेवर ठेवली, तर संध्याकाळी बाहेर. न वापरलेली सुगडंही ते वापरतच होते तर! पळून जायला जागा जवळ आहे हे माहीत असल्यामुळेच ते उघड्यावर येतात. जूनमध्ये मी उलटं समजले होते: लपायला जास्त दिलं तर मासे कधीच दिसणार नाहीत, म्हणून एकच किल्ला घेतला होता.

हिशेब असा: किल्ला 1,150, त्यावर सिलिकॉन 180, एक मासा गेला. सुगडं 60, कार्डपेपर 40, कानस घरचीच. किल्ल्याला माझे पाचपैकी शून्य, कारण दुरुस्त करूनही तो टाकीत राहू शकला नाही. तुमच्याकडे तो असेल आणि मासे चांगले चार-पाच इंची असतील, तर निदान खिडकीत डोकं शिरणार नाही. पण मागची वाट पाडल्याशिवाय ठेवू नका, आणि पाडली की रंग सुटेल हेही धरून चाला.

गेलेल्या माशाच्या जागी सहावा आणलेला नाही. दुकानात विचारलं की हे पैदास केंद्रातले की नदीतून धरलेले, तर सरळ उत्तर मिळालं नाही. ते मिळेपर्यंत पाचच.

परवा रात्री स्वयंपाकघर आवरताना बाहेरच्या खोलीतून टक्‌, टक्‌ असा आवाज आला. आधी वाटलं घड्याळ. जवळ गेले तर सुगडाच्या तोंडाशी दोघं गोळी खात होते आणि आवाज त्यांचाच होता. खाताना बोटिया असा आवाज काढतात हे मुलानं सांगितलं होतं, पण किल्ल्याच्या सहा महिन्यांत मी तो एकदाही ऐकला नव्हता. फोनवर त्याला ऐकवला. मावशींना पुढच्या संक्रांतीसाठी दहा सुगडं सांगून ठेवली आहेत, कच्च्यालाच बुडाशी दोन बोटं जातील एवढं भोक पाडून.