गल्ल्यावरचा टॅब : नौपाड्यातील दुकानात नऊ महिने वापरल्यानंतर

ठाण्यात नौपाड्यात आमचे फराळाचे आणि नाश्त्याचे दुकान आहे. पुढच्या बाजूला चिवडा, चकली, शेव, लाडू यांची विक्री होते आणि आत सहा टेबले आहेत, जेथे मिसळ, साबुदाणा वडा, थालीपीठ, कोथिंबीर वडी आणि चहा मिळतो. ३० एप्रिल २०२५ रोजी, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, गल्ल्यावरचे जुने बिलाचे यंत्र काढून आम्ही टॅबवर चालणारी पीओएस, म्हणजे बिले करण्याची आणि विक्री नोंदवण्याची, प्रणाली बसवली. दहा इंची टॅब, तीन इंची रोलचा थर्मल प्रिंटर, स्वयंपाकघरात दुसरा प्रिंटर, पैशांचा खण आणि भाच्याच्या मोबाईलवर तेच ॲप, एवढा हा पसारा. पहिल्या वर्षाचे शुल्क, त्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि सगळी उपकरणे धरून खर्च पन्नास हजारांच्या आत बसला. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण ज्या अडचणी पुढे सांगणार आहे त्यांपैकी बऱ्याचशा दुसऱ्या ॲपवाल्या मित्रांनीही भोगलेल्या आहेत.

विकणाऱ्याने प्रात्यक्षिक दाखवताना सगळा भर बिल किती सेकंदांत निघते यावर दिला होता. बिल लवकर निघते हे खरे आहे, परंतु आमच्याकडे रांग बिलामुळे कधी लागतच नव्हती. ती वड्यांचा घाणा उतरेपर्यंत लागते, आणि त्यावर कोणत्याही टॅबचा इलाज चालत नाही. उपयोग झाला तो पावांच्या हिशेबात. रोज किती लाद्या आल्या आणि किती मिसळी विकल्या हे माहीत असूनही चाळीस-पन्नास पावांचा मेळ रात्री बसत नसे, आणि अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, संशय टेबले सांभाळणाऱ्या पोरांवर असे. टॅबवर मिसळीचे बटण दाबले की जादा पाव किती, हा प्रश्न समोर येईल आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, अशी रचना आम्ही करून घेतली. महिनाभरात उलगडा झाला. पाव चोरीला जात नव्हते, ते गिऱ्हाइकांनीच खाल्लेले होते. पोऱ्या आतल्या बाजूला ओरडून जादा पाव मागत असे, पाव टेबलावर जात असे आणि बिल करणाऱ्याच्या कानापर्यंत ती हाक पोचत नसे. पैसे नोंदवणारे पहिले यंत्र १८७९ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी या दारूच्या गुत्त्याच्या मालकाने तयार केले, ते नोकर पैसे खिशात घालतात या संशयावरून. आमच्या दुकानात मात्र त्याच वंशातल्या यंत्राने पोरांवरचा आळ दूर केला, आणि अण्णांनी त्या दिवशी सगळ्यांना पीयूष पाजले.

स्वयंपाकघरातल्या प्रिंटरने सुरुवातीला फार छळले. आमच्या मावशी मराठी उत्तम वाचतात, इंग्रजी वाचत नाहीत. त्यामुळे केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, मराठीतच हवी, ही अट मी आधीच घातली होती आणि तिला होकारही मिळाला होता. पहिल्या दिवशी ‘कोथिंबीर’ या शब्दातली वेलांटी थ सोडून एकटीच उभी होती, अनुस्वार तिच्याही पुढे जाऊन बसला होता आणि थालीपीठाच्या जागी चौकोनांची माळ छापली गेली होती. मावशी चिठ्ठी हातात धरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, ही कुठली भाषा छापलीय? मला नाही वाचता येत.” कारण साधे होते. या प्रिंटरांमध्ये अक्षरांचे जे संच भरलेले असतात ते मुख्यतः रोमन लिपीचे असतात, आणि देवनागरीत मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे एकमेकांत गुंफण्याचे काम त्यांना जमत नाही. त्यावर उपाय असा की ॲपने संपूर्ण चिठ्ठी चित्र म्हणून रंगवायची आणि प्रिंटरने ते चित्र छापायचे. ही सोय ॲपमध्ये होती, पण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर दडलेली होती आणि मदतकेंद्रातल्या पहिल्या दोघांना तिचा पत्ताच नव्हता. चित्र छापायला अधिक वेळ लागतो. ब्लूटूथवर तर एका चिठ्ठीला चार-पाच सेकंद लागू लागले. शेवटी आतल्या प्रिंटरला वायर टाकली, तेव्हा काम सुरळीत झाले. मराठीत केओटी हवी असणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी ‘कोथिंबीर’ हा एक शब्द समोर छापून घ्यावा.

टॅबच्या काचेचे आणि तेलाचे वैर आहे. वडा पार्सल बांधलेल्या बोटाने बटण दाबले की कधी काहीच होत नाही आणि कधी शेजारचे बटण दाबले जाते. ‘मिसळ’ आणि ‘मिसळ पार्सल’ ही बटणे मी एकमेकांपासून लांब नेली आणि गल्ल्यावर कोरडे फडके ठेवले. याहून मोठी युक्ती कोणी सुचवलेली नाही.

खरी परीक्षा २२ सप्टेंबरला झाली. त्या दिवशी घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. टेबलावर वाढलेल्या पदार्थांचा ५ टक्के दर तसाच राहिला, पण पुढच्या काउंटरवरचे चित्र बदलले. सुटा चिवडा ५ टक्क्यांत होता आणि तोच चिवडा छापील पाकिटात भरला की १२ टक्के लागत. त्यामुळे एकाच कढईतल्या चिवड्याची दोन बटणे आम्ही बाळगून होतो. आता दोन्ही ५ टक्क्यांवर आले. पाण्याची बाटली १८ वरून ५ वर आली आणि शीतपेयांवरचा २८ टक्के कर व उपकर जाऊन सरळ ४० टक्के झाला. हे सगळे टॅबमध्ये एका आज्ञेत बदलता येईल अशी माझी समजूत होती. तसे काही नव्हते, कारण कर प्रत्येक वस्तूला वेगळा चिकटवलेला होता. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत बसून मी सत्तरहून अधिक वस्तू एकेक करून बदलल्या. सकाळी साडेनऊला लक्षात आले की भाच्याचा मोबाईल रात्री बंद असल्याने त्यावर नवे दर उतरलेच नाहीत आणि तो पाकिटांवर अजून १२ टक्केच लावत आहे. तेवढी बिले दुरुस्त करण्यात सीएंचा आणि आमचा एक दिवस गेला.

दिवाळीचा प्रसंग याहून बिकट होता. नरक चतुर्दशीच्या पहाटे राम मारुती रोड आणि तलावपाळी येथे तरुणाईची जी गर्दी लोटते ती ठाणेकरांना सांगायला नको. २० ऑक्टोबरला आम्ही पहाटे पाचपासून दारात वडा आणि कॉफीचे टेबल मांडले होते आणि तेथे भाचा मोबाईलवर बिले करत होता. सहाच्या सुमारास मोबाईलचे जाळे गर्दीखाली दबले. दुकानातले वायफायही त्याच वेळी रुसले. ॲप इंटरनेटशिवाय चालते असे जाहिरातीत लिहिलेले होते आणि ते खरे निघाले. बिले थांबली नाहीत. प्रत्येक बिलाचा वेगळा क्यूआर दाखवण्याची सोय मात्र बंद पडली, भिंतीवरचा जुना स्टिकर कामी आला नाही, कारण गिऱ्हाइकांचे फोनही अडले होते, आणि आम्ही दोन तास सुट्ट्या पैशांच्या शोधात घालवले. नेटशिवाय चालणे म्हणजे बिल निघणे. पैसे येण्याची हमी त्यात नसते.

दहा वाजता जाळे परतले, दोन्हीकडची बिले एकत्र झाली आणि आम्ही निर्धास्त झालो. ऑक्टोबरचे विवरणपत्र भरताना सीएंचा फोन आला की चौसष्ट बिलांचे क्रमांक दुबार आहेत. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, सोळा अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. मात्र एकापेक्षा अधिक मालिका चालतात. जाळे तुटल्यावर टॅब आणि मोबाईल दोघांनीही शेवटच्या ठाऊक असलेल्या क्रमांकापासून पुढे मोजायला सुरुवात केली होती. प्रत्येक उपकरणाला वेगळे आद्याक्षर देऊन वेगळी मालिका चालवण्याची सोय ॲपमध्ये पहिल्यापासून होती, परंतु बसवायला आलेल्या मुलाने ती चालू केली नव्हती आणि मला तिची गरज माहीत नव्हती. ही चूक निम्मी माझी आहे, हे मान्य करतो.

यूपीआयबद्दल एवढेच सांगण्यासारखे आहे की बिलाच्या रकमेचा क्यूआर टॅबवरच उमटत असल्याने ‘साठ रुपये कोणाचे आले’ हा वाद मिटला; पूर्वी साठ रुपयांची दोन गिऱ्हाइके एकाच वेळी उभी राहिली की बोलणाऱ्या डब्याची घोषणा कोणासाठी, हे ठरवता येत नसे.

पदार्थागणिक कच्चा माल आपोआप वजा करण्याची जी सोय मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, ती आम्ही दोन महिन्यांत बंद केली. मिसळीवर शेव मुठीने पडते, ग्रॅमने पडत नाही, आणि तर्री दुसऱ्यांदा मागणाऱ्याला आपण नाही म्हणत नाही. पाकिटे, बाटल्या आणि पाव यांचा साठा मात्र टॅबवरच ठेवतो. वजनकाटा अजून टॅबला जोडलेला नाही; वजन हाताने टाकावे लागते आणि एकदा अडीचशे ग्रॅमऐवजी अडीच किलो शेवेचे बिल एका आजींच्या हाती पडले होते. त्यांनी ते परत देताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर लक्षात आहे.

थर्मल कागदावरची छपाई उष्णतेने उडते. शेगडीजवळच्या भिंतीला टाचलेली मे महिन्यातली बिले गणपतीपर्यंत कोरी झाली होती. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, म्हणून दर महिन्याच्या अखेरीस सगळी विक्री एक्सेलमध्ये उतरवून घरच्या संगणकावर ठेवतो. दोनशे रुपयांच्या आतल्या बिलाची छापील प्रत गिऱ्हाइकाने मागितली तरच काढतो, नोंद मात्र प्रत्येक चहाची होते. यामुळे रोलचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, चौदा अंकी क्रमांक छापला जातो की नाही, हे पहिल्याच दिवशी तपासावे. आमच्या नमुन्यात ती ओळच नव्हती.

डिसेंबरमध्ये टॅबची पाठ फुगली. चौदा तास चार्जरला लावलेला आणि शेजारी कढई, असे त्याचे आयुष्य होते, त्यामुळे बॅटरीला दोष देण्यात अर्थ नव्हता. नवा टॅब भिंतीच्या गार बाजूला लावला आहे आणि त्याची चार्जिंगची मर्यादा कमी करून ठेवली आहे. जुन्याची बिले, दर आणि बटणांच्या जागा नव्यावर वीस मिनिटांत उतरल्या. नऊ महिन्यांत कंपनीचे मनापासून कौतुक वाटले ते त्या वीस मिनिटांत.

नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे. करांचे दर गटाने बदलण्याची सोय पुढच्या आवृत्तीत देऊ, असे मदतकेंद्राने फोनवर सांगितले आहे. ते लेखी मागितले आहे आणि अजून आलेले नाही. तोपर्यंत वर्षाऐवजी सहा महिन्यांचेच शुल्क भरण्याचे ठरवले आहे, आणि १ एप्रिलला नव्या आर्थिक वर्षाची बिले सुरू होण्यापूर्वी टॅबची आणि मोबाईलची आद्याक्षरे मी स्वतः तपासणार आहे.