प्रस्तावापासून सुरू होणारा उन्हाळा: कॅलटेकच्या ‘सर्फ’ उपक्रमाविषयी

उन्हाळ्यात परदेशी जाऊन संशोधन करू इच्छिणाऱ्या विज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्यांना आज उपक्रमांची वानवा नाही. तरीही अमेरिकेतील पासाडेना येथील कॅलटेक (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) ही संस्था १९७९ पासून चालवत असलेला ‘सर्फ’ (समर अंडरग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप्स) हा १० आठवड्यांचा उपक्रम मला या सर्वांत अधिक विचारपूर्वक आखलेला वाटतो, आणि त्याचे कारण संस्थेचा लौकिक हे नाही. अनेक ठिकाणी विद्यार्थी अर्ज करतो, त्याची निवड होते आणि मग कोणाच्या तरी प्रयोगशाळेतले एखादे सुटे काम त्याच्या हाती येते. इथे सर्वसाधारण मार्गाने येणाऱ्याला मात्र अर्जाआधीच मार्गदर्शक शोधावा लागतो आणि त्याच्याशी चर्चा करून संशोधन-प्रस्ताव लिहावा लागतो: प्रश्न नेमका कोणता, त्यावर आजवर काय झाले आहे, आपण कोणत्या पद्धतीने जाणार आणि कोणत्या आठवड्यात काय हाती लागायला हवे.

शास्त्रज्ञ निधी मागताना जे करतात तेच हे, फक्त लहान प्रमाणावर. ‘मला कृष्णविवरांवर काम करायचे आहे’ हा प्रश्न नसून केवळ आवड आहे, हे विद्यार्थ्याला मार्गदर्शकाने खोडलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या मसुद्यापाशी उमगते. प्रवासापूर्वीच झालेले हे शिक्षण मला पुढच्या १० आठवड्यांइतकेच मोलाचे वाटते. त्यानंतर दोन अंतरिम अहवाल, अखेरचा शोधनिबंध आणि तोंडी सादरीकरण येते. गुरुत्वीय लहरींवर काम करणाऱ्या लायगो शाखेतील बऱ्याच विद्यार्थ्यांचे अहवाल सार्वजनिक आहेत. ते ओळीने वाचल्यास मूळ योजना कुठे अडली आणि कशी बदलली, हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा स्पष्ट दिसते.

उणिवाही आहेत. मार्गदर्शक शोधण्याची अट तत्त्वतः उत्तम असली, तरी ज्याच्या प्राध्यापकांची तिथे ओळख आहे त्याला एका पत्रात उत्तर मिळते आणि ज्याची नाही तो अनोळखी माणसांना ईमेल पाठवत राहतो. ही विषमता उपक्रमाच्या रचनेतच आहे. दुसरे असे की १० आठवडे संगणकीय किंवा सैद्धांतिक कामाला पुरतात, पण पेशी वाढवणे वा प्रथिने शुद्ध करणे अशा कामात प्रयोग जमू लागतो तोवर परतीची तारीख येते. अशा विषयाच्या विद्यार्थ्याने प्रस्तावातच हाव आवरलेली बरी. विद्यावेतन मिळते, मात्र राहण्या-जेवण्याचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो, आणि त्या काळात दुसरे काम किंवा अभ्यासक्रम घेता येत नाही. व्हिसाची कागदपत्रे कंटाळवाणी आहेत, पण तो त्रास कुठेही चुकत नाही.

माझ्याकडे या उपक्रमासाठी शिफारसपत्र मागायला येणाऱ्याला मी आधी प्रस्तावाचे एक पान लिहून आणायला सांगतो. काही जण परत येतच नाहीत. जे येतात, त्यांच्याविषयी काय लिहावे याचा मला फारसा विचार करावा लागत नाही.