रियासत एकत्र वाचायची: लेखी गट, थेट बैठक की अभिवाचन?

गो. स. सरदेसायांची 'मराठी रियासत', म्हणजे मराठ्यांचा अनेक खंडांतला इतिहास, हातात घेणारे पुष्कळ, तडीस नेणारे थोडे. चार मंडळी जमवून ऑनलाइन वाचायचं ठरलं की तीन पद्धती समोर येतात. कुठली घ्यावी हे आवडीपेक्षा हिशेबावर ठरवावं.

अभिवाचन, म्हणजे एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, कानाला सगळ्यात गोड. पण पानाला अडीच मिनिटं धरली तर 500 पानांना जवळजवळ 21 तास लागतात. आठवड्याला एक तास, त्यातला निम्मा चर्चेला, म्हणजे वाचून होतात 12 पानं. एवढ्या एका भागाला 42 आठवडे! रियासतीसाठी ही पद्धत मुख्य म्हणून घेऊच नये. पानिपतासारखं एखादं प्रकरण, किंवा मूळ पत्रांचे उतारे, यांच्यापुरती ती ठेवावी. जुन्या पत्रांची भाषा मोठ्याने वाचली की पटकन उलगडते.

थेट बैठकीत आपापलं वाचून यायचं आणि बोलायचं. झूमच्या फुकट खात्यावर बैठक 40 मिनिटांत तुटते. गूगल मीटवर तिघे किंवा अधिक असले तर 60 मिनिटं मिळतात, म्हणून मीट बरं. परदेशातले वाचक असतील तर रविवारी रात्री साडेआठ ही वेळ धरावी: न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा, लंडनला दुपारचे चार किंवा तीन. कॅलिफोर्नियात मात्र हिवाळ्यात सकाळचे सात वाजलेले असतात. या पद्धतीत बिघडतं ते एकाच ठिकाणी. ज्याचं वाचून झालेलं नाही तो संकोचाने येत नाही, दोन आठवडे चुकले की तिसऱ्यांदा यायला धजत नाही, आणि बोलणारे दोघे-तिघेच उरतात.

लेखी गटात मागे पडलेल्याला परत येता येतं. लांब ग्रंथासाठी हीच गोष्ट निर्णायक आहे, म्हणून आमचा कौल लेखी गटाला. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे असतं, पण तिथे शाहूंच्या सुटकेची चर्चा आणि सणाच्या शुभेच्छा एकाच ओघात वाहून जातात. टेलिग्रामच्या गटात प्रत्येक प्रकरणाला वेगळा विषय उघडता येतो, आणि जुने संदेश दिसण्याची सोय चालू ठेवली तर उशिरा आलेल्यालाही मागचं सगळं वाचता येतं. वयस्कर सभासद नवं ॲप घ्यायला तयार नसतील तर व्हॉट्सॲपवर दोन गट करावेत: एक चर्चेचा, दुसरा फक्त संयोजकाने लिहायचा.

पद्धत कुठलीही असो, आठवड्याचा वाटा पानांच्या आकड्यांवर बांधू नये. जुन्या छापील भागांचे आणि आठ खंडांच्या नव्या आवृत्तीचे पृष्ठांक जुळत नाहीत. 'पान 112 पाहा' म्हटलं की निम्मे वाचक भलतीकडेच पोहोचतात. प्रकरण आणि पोटमथळा सांगावा. साधारण 40 पानांचा वाटा, म्हणजे रोज सहा पानं, नोकरी करणाऱ्याला झेपतो. दर चौथा आठवडा मोकळा ठेवावा, त्यात मागे राहिलेले गाठतात. थेट बैठक घ्यायची ती याच आठवड्यात.

पुस्तक मिळत नाही ही अडचण आता कमी झाली आहे. सरदेसाई 1959 साली वारले. मृत्यूनंतरची 60 वर्षांची मुदत 2019 अखेर संपली, त्यामुळे मूळ मजकुराचं स्कॅन गटात द्यायला हरकत नाही. नव्या आवृत्तीतल्या प्रस्तावना आणि संपादकीय टिपा यांचे हक्क वेगळे असतात, त्या टाकू नयेत.

वाचक अडखळतो तो नावांत आणि सनांत. दोन बाजीराव, दोघांचेही भाऊ चिमाजी आप्पा. साताऱ्याचे शाहू वेगळे, कोल्हापूरचे वेगळे. एक सामायिक तक्ता पहिल्याच दिवशी उघडावा: नाव, वडील, गाव, पहिल्यांदा कुठल्या प्रकरणात आलं. त्याच्या माथ्यावर सन जुळवायची रीत लिहावी: शकात 78 मिळवले की इसवी सन, पौषापासून पुढे बहुधा 79, सुहूर सनात (जुन्या मराठी कागदांतला अरबी सन) 599 किंवा 600. तक्ता भरायचं काम दर आठवड्याला वेगळ्याकडे द्यावं, कारण ज्याच्याकडे पाळी असते तो त्या आठवड्याचं प्रकरण वाचतोच.