ताकायासू आणि अरुंद महाधमनी: गोळ्यांवर राहावं की बायपास करावा?

ताकायासूचं (मोठ्या धमन्यांच्या भिंती सुजून त्या अरुंद होण्याचा आजार) निदान झालंय आणि हातात दोन उलटसुलट मतं आहेत, अशांसाठी लिहितोय. संधिवाततज्ज्ञ म्हणतात थांबा, सर्जन म्हणतात फार लांबवू नका. मी अडीच वर्षं गोळ्यांवर काढली आणि मग बायपास करून घेतला, त्यामुळे माझा कल लपणार नाही. पण माझी अरुंद जागा छातीच्या खालच्या टोकाला, किडनीच्या धमन्यांच्या वर होती. मानेकडे जाणाऱ्या धमन्यांचं दुखणं असेल तर हिशोब वेगळा.

गोळ्यांवर अन्याय नको. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, जोडीला प्रतिकारशक्ती आवरणारं मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन, तेवढ्याने भागलं नाही तर टोसिलिझुमॅबची इंजेक्शनं. यांनी भिंतीतली सूज उतरते, आणि सूज ताजी असेल तर नळी थोडी मोकळीही होते. माझा ताप गेला, ईएसआर (रक्तातून सुजेचा अंदाज देणारा आकडा) उतरला, गेलेलं वजन परत आलं (व्याजासकट, चेहऱ्यावर). पण जिथे भिंत व्रण धरून घट्ट झाली, तिथे गोळीचं काही चालत नाही. एमआर अँजिओग्राफीत (धमन्यांच्या स्कॅनमध्ये) ती जागा होती तशीच दिसायची.

तरीही मी गोळ्यांवर राहिलो असतो. बिनसलं ते जिन्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन्ही पोटऱ्या आवळून यायच्या, कठड्याला धरून उभं राहायचं, मिनिटभराने पुन्हा चार पायऱ्या. दंडावर बीपी १८०, घोट्याजवळ मोजलं तर १०० सुद्धा नाही. किडनीला रक्त कमी पडलं की ती वरचं बीपी चढवते. डॉक्टर बीपीची गोळी वाढवायचे, दंडावरचा आकडा शहाण्यासारखा खाली यायचा आणि मी पहिल्याच मजल्यावर थांबायला लागायचो. रक्तातलं क्रिएटिनिनही वर सरकायचं, म्हणजे किडनीचं काम मंदावायचं. वरच्याला आवरलं की खालचं उपाशी! सहा महिने हा खेळ चालला आणि मी कंटाळलो. निर्णय झाला तो त्या कंटाळ्यातून.

बायपास म्हणजे डेक्रॉनची (कृत्रिम धाग्याच्या कापडाची) नळी अरुंद जागेच्या वर आणि खाली जोडायची, मधला भाग तसाच ठेवायचा. शस्त्रक्रिया मोठी आहे, पहिले दहा दिवस खोकलासुद्धा नको वाटतो. फुग्याने नळी रुंद करण्याचा पर्याय मलाही सुचवला होता. छाती उघडायला लागत नाही, हे खरं. पण या आजारात, विशेषतः अरुंद भाग लांब असेल तर, नळी पुन्हा आवळण्याचं प्रमाण बायपासपेक्षा जास्त. माझा भाग लांब होता, म्हणून नाही म्हटलं. छोट्याशा अरुंद जागेसाठी कदाचित मीही आधी तेच केलं असतं.

एक गोष्ट मात्र मऊ शब्दांत सांगणार नाही. सूज पेटलेली असताना, अगदी जीवावर बेतलं नसेल तर, टाके घालून घेऊ नका. सुजलेल्या भिंतीत जोड नीट धरत नाही, पुढे तिथे धमनीची भिंत फुगू शकते. आणि नुसत्या ईएसआर-सीआरपी या रक्ततपासण्यांवर विसंबू नका. आकडे नॉर्मल असताना आतून सूज चालू राहू शकते, स्कॅनही बघायला लावा. म्हणूनच ती अडीच वर्षं वाया गेली असं मी म्हणत नाही. गोळ्यांनी सूज निवली म्हणून सर्जनला टाका घालायला बरी जागा मिळाली.

पायात गोळे येत नसतील, बीपी एक-दोन गोळ्यांत राहत असेल, किडनी ठीक असेल, तर माझ्या मते घाईचं कारण नाही. बाजूच्या छोट्या वाहिन्या कालांतराने बराच भार उचलतात.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरच्या डॉक्टरने पावलावर बोटं ठेवली, नाडी लागली तिथे पेनाने फुली मारली आणि नर्सला म्हणाला, इथेच बघत जा. तिथे नाडी लागल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मेथोट्रेक्सेट अजून सुटलेलं नाही, दर शनिवारी घेतो, वर्षातून एकदा जोड बघायला स्कॅन. बीपीच्या चार गोळ्यांपैकी एक उरलीय.