पहिली ट्रायल कशावर घ्यावी: होबी 16 की फॉर्म्युला 18?

भाचा इंदूरच्या रामबागेतून थेट नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला शिकायला गेला. परवा त्याचा फोन आला, "मामा, समुद्र सायकलच्या अंतरावर आहे आणि इथे स्पोर्ट कॅटमरान ट्रायलला मिळतात. होबी 16 घेऊ की फॉर्म्युला 18?" कॅटमरान म्हणजे दोन सांगाडे शेजारी जोडलेली शिडाची बोट. गेल्या जूनमध्ये लेकीकडे हेगला होतो, तेव्हा स्केव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर मी या दोन्ही बोटी एकाच दिवशी चालवल्या, शिक्षकाला सोबत घेऊन. इंदूरची आणखी दोन-तीन मुलं याच विचारात आहेत, म्हणून त्याला सांगितलं ते इथे लिहून काढतो.

आपल्याकडची मुलं शिडाची बोट शिकतात ती भोपाळच्या मोठ्या तलावावर. शेजारच्या देवास जिल्ह्यातल्या नेहा ठाकूरने तिथेच तयारी करून 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणलं, याचा मला फार अभिमान आहे. पण तिथली सवय एका सांगाड्याच्या बोटीची. वारा वाढला की ती आधी कलते आणि आपण अंग बाहेर टाकतो. कॅटमरान कलत नाही, पळत सुटते, आणि मग अचानक वाऱ्याकडचा हल, म्हणजे सांगाडा, पाण्यातून वर उठतो. सावध व्हायला मिळणारा वेळ फारच थोडा.

होबी 16 कॅलिफोर्नियातल्या होबी आल्टर यांची, पन्नासहून अधिक वर्षं चालत आलेली. लांबी 5.05 मीटर, वजन 145 किलोच्या आसपास. हल केळ्यासारखे वळलेले, बोट आडवी वाहू नये म्हणून पाण्यात उतरवतात त्या फळ्या खाली नाहीत, सुकाणू आपटलं की आपोआप वर उचललं जातं. थेट वाळूवर चढवा, काही तुटत नाही. नवशिक्याला याचं मोल फार आहे, कारण पहिल्या दिवशी निम्मी घाबरगुंडी किनाऱ्याशीच उडते.

तिचे दोष मात्र आधी समजून घ्या. टॅक घेताना, म्हणजे नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्यातून पलीकडे वळवताना, ती वाऱ्याच्या तोंडावर अडकते. भोपाळच्या सवयीने मी सुकाणू झटकन दाबलं आणि बोट जागीच उभी राहिली. सुकाणू हळू फिरवायचं, जिब (पुढचं छोटं शीड) क्षणभर उलट्या बाजूने भरू द्यायची, नाळ वळली की मगच सोडायची. हे जमायला मला चार टॅक लागले. दुसरा दोष जास्त गंभीर. हलांच्या पुढच्या टोकांना फुगवटा कमी. मी ट्रॅपीझच्या, म्हणजे डोलकाठीपासून येऊन माणसाला बोटीबाहेर तोलून धरणाऱ्या, तारेवर लटकलो होतो, पाय हलच्या कडेवर, वारा मागच्या बाजूने येत होता. पलीकडची नाळ पाण्यात शिरली, पुढच्या आडव्या नळीवर पाणी चढलं आणि सगळा वेग एका झटक्यात संपला. शिक्षक ओरडले, "मागे सरका!" दोन पावलं मागे गेलो म्हणून वाचलो, नाहीतर बोट नाकावर उलटली असती.

फॉर्म्युला 18 हा बोटींचा वर्ग आहे. नियमाच्या चौकटीत वेगवेगळे कारखाने आपापली बोट बनवतात: लांबी जास्तीत जास्त 5.52 मीटर, रुंदी 2.60, वजन कमीत कमी 180 किलो. खाली सरकत्या फळ्या असल्यामुळे ती वारा येतो त्या दिशेच्या बऱ्याच जवळून जाते आणि टॅक सरळ घेते. वेग वाढला की त्या फळ्या गुणगुणायला लागतात. तो आवाज पायांतून ऐकू येतो. नाळ भरदार असल्याने ती सहज बुडत नाही. मग स्पिनेकर (मागून वारा असताना पुढे उघडायचं मोठं फुगीर शीड) उघडला, आणि खरं सांगतो, तसला आनंद मला पाण्यावर कधीच झाला नव्हता. पण मेनशीट (मुख्य शिडाची दोरी), ट्रॅपीझ आणि स्पिनेकरच्या दोऱ्या यांत पुढच्या माणसाचे हात एक क्षण रिकामे नसतात. शिक्षक सुकाणूवर होते म्हणून मला मजा आली. दोन नवखे असते, तर तो तास दोऱ्या सोडवण्यात गेला असता. फळ्या किनाऱ्याजवळ वर ओढायला विसरलात, तर नुकसानही तुमच्याच माथी.

निर्णय वेगावर करू नका. उलटल्यावर काय, हे आधी विचारा. बोट सरळ करायला वरच्या हलवरून दोरी टाकून दोघांनी पूर्ण वजनानिशी मागे लटकायचं असतं. होबीलाच दोघांचं मिळून साधारण 135 किलो लागतं. फॉर्म्युला 18 तर आणखी जड. मास्टच्या (डोलकाठीच्या) टोकाला तरंगता फुगा आहे का, सोबत मोटरबोट असते का, हेही विचारा. तिथलं पाणी जूनमध्येसुद्धा थंड असतं, वेटसूटशिवाय उतरू नका. आणि इकडे भारतात कधी बोट चालवलीत, तर मास्ट उभा करण्याआधी वरच्या विजेच्या तारा बघा.

माझं मत: पहिली ट्रायल होबीची, हलक्या ते मध्यम वाऱ्यात, सुकाणू स्वतःच्या हातात घेऊन. फॉर्म्युला 18 शिक्षकाबरोबर, आपण पुढे बसून. विकत घ्यायची वेळ आली आणि दर आठवड्याला येणारा जोडीदार नक्की असेल, तर मात्र मी फॉर्म्युला 18 घेईन.

भाच्याने होबीची वेळ घेतली आहे. त्याचं वजन 58 किलो, मित्राचं 55. दोघं मिळून 113 भरतात, म्हणून त्याला सांगितलं, मित्राला पुढच्या वेळी ने, या खेपेला 80 किलोचा शिक्षक माग.