माडावर आठ महिने: यंत्र झकास, रबर भिकार

गेल्या आठवड्यात दुकानदाराशी फोनवर कडाक्याचं वाजलं, म्हणून आज लिहायला बसलोय. भांडण कशावरून? तळहाताएवढ्या रबराच्या तुकड्यावरून.

यंत्र माडावर चढायचं, केरळच्या चेंबेरी गावच्या धाटणीचं. उभ्याने चढायचं, दोन पायांना दोन चौकटी, तारेचे दोन फास. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, जास्त वर्णन करत नाही. माझं म्हणजे कुठल्याशा वर्कशॉपात जुळवलेली नक्कल. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर घेतली, चार हजारांच्या आत.

गोव्यात फोंडा तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे बागायत आहे, त्यात 46 माड. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा, माडामागे शंभर घेतो आणि बोलावल्यावर तीन आठवड्यांनी उगवतो. तरी सगळे नारळ पाडायचे असतील तर त्यालाच बोलवा. तो पाच माड उतरतो तेवढ्या वेळात माझे जेमतेम दोन होतात. यंत्र पाहून तो हसला होता, "भाटकारानू (म्हणजे मालक), हें तुमकां. आमकां आमचे पांय पुरो."

मला यंत्र हवं होतं बियाण्यासाठी. विहिरीकडचे पाच माड आजोबांनी लावलेले, बाणवली जातीचे. वर्षाला शंभराच्या पुढे नारळ, दांडे आखूड नि दणकट, घड झावळ्यांवर टेकून बसलेले. त्यांची रोपं करायची होती. पाडेली कोयत्याच्या दोन घावांत अख्खा घड खाली सोडतो आणि आमच्याकडे खाली जांभा. नारळ आपटला की करवंटीला आतून तडा जातो. वर सोडण, म्हणजे जाड साल असल्यामुळे तो दिसत नाही. कोंबाची वाट बघून बघून शेवटी नारळ फोडावा तेव्हा कळतं, आत सगळं कुजलेलं.

आता मुद्द्याचं. चौकट माडाला जिथे टेकते तिथे रबर असतं. पाय उचलला की तारेचा फास सैल होतो, वजन टाकलं की आवळतो, आणि चौकट घसरू न देण्याचं काम तार आणि हे रबर मिळून करतात. म्हणजे सगळ्या यंत्रात जीव कशात, तर त्या तुकड्यात. आणि नेमका तोच या लोकांनी स्वस्तातला घातलाय. तीन महिन्यांत रबर कडक झालं, कडा चकचकीत. नख रुतेना.

डिसेंबरात मी वहीत लिहून ठेवलं होतं, "पट्टा अनावश्यक, खर्च वाचला." दुकानदाराने पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा दाखवला होता, किंमत यंत्राच्या निम्मी. मी म्हटलं, पाडेली काय पट्टा बांधतो? ते वाक्य आता खोडतोय.

जानेवारीतली सकाळ होती, खोडावर दव. तीसेक फुटांवर डावी चौकट वीतभर घसरली. फार नाही, वीतभरच. पण मी माडाला अशी मिठी मारली की छातीचं कातडं सोलून निघालं. खाली दोरी धरून बायको उभी. ती ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "अहो, आधी खाली या. मग बोलू." खाली आल्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्याच दिवशी पट्टा आणला. त्याच्यासोबत दोन दोऱ्या घ्या. एक माडाभोवती अडकलेली असतानाच दुसरी वर सरकवायची, म्हणजे कुठल्याही क्षणी तुम्ही मोकळे नसता. वेळ लागतो, पहिले पंधरा दिवस चीड येते, मग हाताला सवय होते.

परत रबर. दुकानदार म्हणे सुटा तुकडा मिळत नाही, पूर्ण चौकट घ्या, चौदाशे. चौदाशे! मी सायकलच्या टायरचा तुकडा लावून पाहिला, दवावर निसटतो. ट्यूब लावली, ती ताणते. शेवटी टायरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या टायरचा जाड तुकडा आणला, बोल्टचं डोकं रबरात खोल बसवलं, खर्च साठ रुपये. पाच महिने झाले, छान धरतंय. तरी दर वेळी कमरेएवढ्या उंचीवर उभा राहून दहा वेळा वजन आपटून बघतो, मगच वर. पट्टा नसेल तर माझी ही नक्कल करू नका.

आणखी एक कटकट म्हणजे माड वर निमुळता होतो तशा पायांच्या चौकटी खाली झुकतात. बुंध्यापाशी फास बांधतानाच पुढची बाजू थोडी चढती ठेवली तर वर जाऊन सपाट होतात. हे मला कोणी सांगितलं नाही, पोटऱ्यांनी सांगितलं. वाकड्या माडाचा नाद सोडा. खोडाला भोकं दिसली, भुशासारखा चोथा बाहेर आला असेल तर सोंड्या भुंगा आत असतो आणि माड पोकळ असू शकतो. तिथे पट्टा काय कामाचा? वीज पडलेला माड, जवळून विजेची तार गेलेला माड, दोन्ही वर्ज्य. सुकी झावळी आधाराला धरायची नाही, ती हातात येते. हुमल्यांवर, म्हणजे चावणाऱ्या मुंग्यांवर अजून उपाय सापडलेला नाही.

पण शेंड्याखाली पोचल्यावर जे सुख आहे ते पाडेल्याला ठाऊक नाही, कारण त्याला थांबायला सवडच नसते. पाय चौकटीत, कमरेला दोरी, दोन्ही हात मोकळे. अकरा-बारा महिन्यांचा, तपकिरी व्हायला लागलेला घड निवडायचा, नारळ हाताने हलवून कानाशी न्यायचा. पाणी खळखळलं तर घ्यायचा; लहान, वेडावाकडा असेल तर ठेवायचा. मग गोणपाटाच्या पिशवीत भरून दोरीने हळूहळू खाली. फेब्रुवारी ते एप्रिल तीन फेऱ्यांत 84 नारळ उतरवले, एकही आपटला नाही. सोडणासकट सावलीत वाळूवर ठेवले, मृगाआधी वाफ्यात गेले.

पैशांचा हिशोब केला तर पट्ट्यासकट सहा हजारांच्या आसपास गेलेत. त्यात साठ रुपयांचं ते टायर सगळ्यात वसूल. यंत्राला पाचपैकी चार, रबराला शून्य, दुकानदाराला तर आकडाच देत नाही.

पाऊस लागलाय, खोडावर शेवाळ धरलंय, आता दसऱ्यापर्यंत चढणं बंद. तारेला ग्रीस लावून यंत्र माळ्यावर टाकलं. जुने दोन रबर डब्यात जपून ठेवलेत, दुकानदाराच्या टेबलावर नेऊन आपटायला.